गळक्या सांध्यापाशी

पंप बंद करा. नुसतं बटण दाबून भागणार नाही. प्लग काढा, आणि पंप थेट वायरिंगला जोडलेला असेल तर घरातल्या पॅनेलवरचा ब्रेकर पाडा. ओल्या जमिनीवर, विजेच्या यंत्राशेजारी बसायचं आहे, म्हणून हे सगळ्यात आधी. आता खाली बसा. गुडघ्याखाली जुन्या टॉवेलाची घडी घ्या, म्हणजे लवकर उठावंसं वाटणार नाही. पाना, पक्कड, सोल्युशनचा डबा हे सगळं अजून हात पोचणार नाही इतकं लांब राहू द्या.

समोर चार फूट उंचीची पत्र्याची गोल भिंत आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या भागांत घरामागच्या हिरवळीवर असे अबव्ह-ग्राउंड पूल जागोजागी दिसतात. खड्डा खणलेला नाही, काँक्रीट ओतलेलं नाही. सपाट केलेल्या जमिनीवर पत्र्याचं कडं उभं करायचं, आत व्हिनाइलचं निळं अस्तर सोडायचं आणि पाणी भरायचं. पाण्याच्या वजनानेच अस्तर भिंतीला लागून बसतं. भिंतीत वरच्या बाजूला दोन भोकं असतात. एक रुंद, चौकोनी, स्किमरचं. तिथून पाणी पालापाचोळ्यासकट बाहेर येतं. दुसरं लहान आणि गोल. तिथून ते गाळून परत आत जातं. या दोन भोकांच्या दरम्यान बाहेर पंप, फिल्टर, दीड इंची पाईप, काही एल्बो, एखादा व्हॉल्व्ह. नळकामाचा पसारा एवढाच. आणि आज पंपाखालची फरशी ओली आहे.

ओल कुठून आली हे लगेच ठरवू नका. आधी पाण्याकडे बघू.

२४ फूट व्यासाच्या पुलात चार फूट पाणी भरलं की ते साधारण ५१ हजार लिटर होतं. मी या आकड्यापाशी दरवेळी थांबतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. एका वाघिणीत ५० हजार. म्हणजे परसातला हा पूल त्या गाडीची एक भरलेली वाघीण आहे. ती वाघीण क्षणभर डोळ्यांसमोर आणा. मुलांच्या पोहण्यावर विरजण घालायला मी हे सांगत नाही. डेलावेअर नदीच्या काठचं पाणी लातूरच्या मांजरेला जाणार नाही, हे मलाही कळतं. पण घागरी आणि हंडे रांगेत लागलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी ठिबकत्या सांध्याखाली बादली लावून उन्हाळा काढू नये, असं मला मनापासून वाटतं. नळातून सेकंदाला एक थेंब गळत राहिला तर वर्षाला ३ हजार गॅलनहून जास्त पाणी जातं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. ११ हजार लिटरच्या वर. एक मोठा टँकर, थेंबाथेंबाने रिकामा.

आता एकाच थेंबाकडे बघा. सांध्याच्या खालच्या कडेला आधी नुसती चकाकी येते. मग तिथे पाणी जमून त्याला गोलाई येते, ती जड होत खाली ओढली जाते, किंचित लांबते आणि तुटून पडते. पुढचा थेंब लगेच दिसत नाही. दोन थेंबांमधल्या वेळात डोळे हलवू नका. थेंब जिथून सुटतो तिथेच भेग असते असं मात्र नाही. पाणी पाईपच्या पोटाखालून सरकत सरकत सखल जागेपर्यंत जातं आणि तिथून पडतं. म्हणून सगळे सांधे कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या, मग टिश्यू पेपरची पट्टी एकेका सांध्याभोवती हळूच फिरवा. वरून सुरुवात करा आणि खाली या. कागद पहिल्यांदा जिथे गडद होतो, ती जागा.

तिथे नख फिरवा. डोळ्यांना न दिसलेली भेग नखाला लागते.

ही भेग आजची नाही. मे महिन्यात पूल उघडताना ती सापडली, पण ती पडली असेल जानेवारीत, कोणी अंगणात पाऊलही टाकलं नव्हतं तेव्हा. पाणी गार होत जातं तसं आकसतं, पण ते चार अंशांपर्यंतच. त्याखाली ते उलट पसरायला लागतं आणि बर्फ होताना सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतं. एल्बोच्या वळणात राहिलेलं वाटीभर पाणी एका बाजूने गोठत येतं, दुसरी बाजू आधीच बंद असते, आणि मध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. बर्फाने पाईप फोडला असं आपण म्हणतो. पुष्कळदा तो फोडतं ते बर्फाच्या मागे कोंडलेलं, अजून न गोठलेलं पाणी. पुण्या-नाशिकात वाढलेल्याला हे अनुभवाने ठाऊक नसतं, कारण तिथे नळ थंडीने फुटत नाहीत. इथे हिवाळाभर ही भेग बर्फाने बुजलेली असते. मार्चात ती मोकळी होते, आणि पाईपमध्ये पाणी येईपर्यंत कोणालाच तिचा पत्ता नसतो. चार-पाच महिने ती तिथे होतीच. एवढं लक्षात घेतलं की आजच्या आज, अंधार पडायच्या आत हे आटपलंच पाहिजे ही तगमग बरीच उतरते.

आता मनातल्या मनात या नळकामाचे दोन भाग करा. पुलापासून पंपापर्यंतचा एक, पंपापासून परत पुलापर्यंतचा दुसरा. पहिल्या भागात पंप पाणी ओढतो, दुसऱ्यात ढकलतो. ढकलण्याच्या बाजूला भेग असली तर पंप चालू होताच पाण्याची बारीक पिचकारी उडते आणि शेजाऱ्यालाही दिसते. ओढण्याच्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे पंप चालू असताना पाईपच्या आतला दाब बहुधा बाहेरच्या हवेहून कमी असतो. भेगेतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळीला चीर असली की शहाळ्यातलं पाणी वर येत नाही, नुसता सुरसुर आवाज येतो, तसंच. सांधा हाताला कोरडा लागतो. गळतीची खूण उमटते ती भलतीकडेच: पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी काठोकाठ भरत नाही, वर हवेचा एक थर हलत राहतो, आणि पुलात परतीच्या भोकातून बुडबुडे निघतात. पंप बंद केला की आतलं ओढणं थांबतं, आणि तोच कोरडा सांधा ठिबकायला लागतो. काम चालू असताना कोरडा, थांबल्यावर ओला. माणूस या कोड्यात अडकतो आणि भलताच एल्बो बदलून बसतो.

ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांना हे नवं नाही. मोटार फिरतेय, आवाज करतेय, पण पाणी उचलत नाही. ‘हवा घेतेय’ असं म्हणत कोणीतरी चपला काढून सक्शनच्या पाईपवरून हात फिरवत पायऱ्या उतरायला लागतं. माझे वडील सांध्यांना शेणमातीचा ओला लेप देत आणि मोटार लावून लेपाकडे बघत बसत. लेप जिथे आत ओढला जाई, तिथे त्यांचं बोट जाई. बोलत नसत. इथे हेच काम दाढीच्या फेसाने करतात. पंपाआधीच्या प्रत्येक सांध्यावर फेसाचं जाड कडं काढायचं, लांब उभं राहून पंप पुन्हा चालू करायचा, आणि बघायचं.

चालू केलात? आता फेसावरून नजर हलवू नका. बाकी सगळीकडे फेस फुगलेला, पांढरा, जसाच्या तसा आहे. एका ठिकाणी मात्र त्याला बारीक खळगा पडतो. खळगा खोल होतो, फेसाची कड आत वळते आणि त्या जागी पाईपचा पांढरा रंग उघडा पडतो. भेग हवा घेते आहे. इथे जरा वेळ थांबा. वाहून जाणारं पाणी दिसलं की आपण सगळे धावतो. पंपाचा आवाज पूर्वीपेक्षा जरा पोकळ झालाय, हे ऐकायला मात्र कोणीतरी त्याच्याजवळ बसलेलं असावं लागतं. तुम्ही आज बसला आहात. सापडलं की पंप पुन्हा बंद करा, प्लग काढा.

कधी कधी बाहेर कुठेच ओल नसते, बुडबुडेही नसतात, तरी पुलाची पातळी उतरत जाते. मग संशय अस्तरावर जातो, किंवा उन्हावर. कडक उन्हाळ्यात दिवसाला पाव इंच पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. २४ फुटी पुलात पाव इंच म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त. एक मिलिमीटर उतरला तरी ४२ लिटर. ऊन किती नेतं आणि भेग किती, हे वेगळं काढायला एक बादली पुरते. बादलीत पुलाचंच पाणी भरा आणि ती पुलातल्या शिडीच्या पायरीवर, गळ्यापर्यंत बुडेल अशी ठेवा. आतल्या पातळीवर चिकटपट्टीची एक खूण, बाहेरच्या पातळीवर दुसरी. मग चोवीस तास काही करायचं नाही. ऊन दोन्हीकडून सारखंच नेईल. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा जास्त उतरली, तर जास्तीचं ते गळतीचं.

हे चोवीस तास मला साऱ्या कामातले सर्वांत अवघड वाटतात. हात रिकामे असतात. त्यात पाऊस आला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण या थांबण्यातून आणखी एक गोष्ट कळते. पंप बंद ठेवून पातळी उतरू दिली, तर ती कुठेतरी येऊन थांबते. स्किमरच्या तळाशी थांबली तर भेग स्किमरच्या आसपास, परतीच्या भोकापाशी थांबली तर तिथे, आणि त्याहून खाली गेली तर अस्तरात. पाणी जिथे उतरायचं थांबतं, ती भेगेची उंची.

मग जागा पक्की करायला खायचा लाल रंग घ्या. वारा पडलेला असावा, पाणी पूर्ण निवांत असावं. ड्रॉपरने दोन थेंब भोकाच्या गॅस्केटजवळ सोडा आणि हात बाहेर काढून घ्या. रंग काही क्षण जागीच तरंगतो. मग त्याची एक रेघ निघते, वाकते आणि गॅस्केटच्या काठाखाली शिरते. ज्यांना पाणी बघायला आवडतं त्यांनी हे जरूर बघावं. गळती किती संथ असते हे तिथे समजतं.

कापाकापीआधी पाणी भोकाच्या खालपर्यंत उतरवणं हे सरळ काम आहे, त्यावर फार बोलत नाही. एवढंच, की बऱ्याच गावांत क्लोरीनचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडायला मनाई असते, कारण ते पुढे ओढ्यात जातं. काही दिवस क्लोरीन न टाकता ते उन्हात राहू द्या, आणि मग हिरवळीवर सोडा.

आता करवत घ्या.

हातातल्या पांढऱ्या पाईपचं वजन जाणवू द्या. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे काचेत ठेवलेला व्हिनाइल क्लोराइड वायू उन्हात राहिला आणि त्याचा पांढरा घन पदार्थ झाला. तेच पीव्हीसी. उन्हाने घडलेली ही वस्तू उन्हानेच ठिसूळ होते. तुमच्या एल्बोला थंडीने फोडलं खरं, पण आधीच्या कित्येक उन्हाळ्यांनी त्याला फुटण्याजोगं केलं होतं. आणि पुलाच्या आतलं निळं, पायाला मऊ लागणारं अस्तर, तेही पीव्हीसीच. १९२६ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला, बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी त्यात मऊ करणारी द्रव्यं मिसळून ते लवचीक करून दाखवलं. द्रव्य मिसळलं नाही तो पाईप, मिसळलं ते अस्तर. एकाने ताठ राहून पाणी वाहायचं, दुसऱ्याने ढिलं राहून ते धरायचं. नुसत्या पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग क्लोरीनचा आहे. पाणी स्वच्छ ठेवायला आपण जे वरून टाकतो, ते मूलद्रव्य या अस्तरात आणि नळांत आधीपासून आहेच.

भेग असलेला एल्बो दोन्ही बाजूंनी पाईपसकट कापून काढा. बाहेरून पुट्टी लिंपून वर टेप गुंडाळायचा मोह मी समजू शकतो, पण फुटलेल्या फिटिंगवर लेप टिकत नाही. फार तर एक शनिवार-रविवार निभावतो. फिटिंग स्वस्त असतं. बदला. कापलेलं तोंड सरळ आहे ना बघा, कडेची कुसं पॉलिश पेपरने काढा, आतूनही. आतली कुसं पाण्याला अडवतात, बाहेरची सोल्युशन खरवडून पुढे ढकलतात. मग सगळं कोरडंच जोडून बघा. एल्बोचं तोंड कुठे वळलंय, पंपापर्यंत पोचतंय का, पाईपला पीळ पडतोय का. जिथे तोंड यायला हवं तिथे पेनाने फिटिंग आणि पाईप दोन्हींवरून एकच आडवी रेघ ओढा. ही तालीम घाईने करू नका. आट्यांचा सांधा उघडता येतो. हा एकदा बसला की कापावाच लागतो.

महाराष्ट्रात प्लंबर आणि ठिबकवाले दोघेही ज्याला सोल्युशन म्हणतात, ते डिंकासारखं मध्ये बसून दोन वस्तू धरून ठेवत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं. आधी लावलेला जांभळा प्रायमर वरचा थर मऊ करतो, सोल्युशन तो आणखी सैल करतं, आणि एकाच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या दुसऱ्याच्या साखळ्यांत गुंततात. मग विरघळवणारं द्रव्य उडून जातं. मागे उरतो तो फक्त पीव्हीसी, एकसंध. म्हणून ज्या प्लास्टिकला हे द्रव्य विरघळवू शकत नाही, तिथे त्याचा उपयोग नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या भागावर ते सुकून नुसता पापुद्रा होतं. आणि म्हणूनच जागा ओली चालत नाही. पाईपमधून अजून थेंब येत असेल तर फडकं कोंबून ठेवा, थांबा.

दोन्हीकडे प्रायमर, दोन्हीकडे सोल्युशन. वारा वास तुमच्यापासून दूर नेईल असं बसा, हा वास डोक्यात चढतो. जवळ शेगडी, सिगारेट काही नको. पाईप सॉकेटमध्ये पूर्ण आत जाईपर्यंत घाला आणि घालतानाच पाव वळसा फिरवून पेनाची रेघ रेघेला मिळवा.

आता धरून ठेवा. तीस सेकंद.

या तीस सेकंदांत दुसरं काही करायचं नाही. सॉकेट आतून किंचित निमुळतं असतं, त्यामुळे ओला पाईप मागे सरकू पाहतो. तो सरकू पाहतोय हे तळहाताला कळतं. तेवढ्याच जोराने त्याला आत धरा, त्याहून जास्त नको. पहिले काही क्षण तो ढकलतो. मग ढकलणं कमी होतं. मग एक क्षण असा येतो की हातात दोन वस्तू आहेत असं वाटेनासं होतं. तरी सोडू नका, राहिलेले सेकंद पुरे करा. सांध्याभोवती सोल्युशनचं एकसारखं, न तुटलेलं कडं आलं असेल तर आत सगळीकडे ते पोचलं आहे. जास्तीचं पुसून घ्या. आणि यानंतर त्याला हात लावू नका, घट्ट झालंय का हे हलवून बघू नका. डब्यावर लिहिलेला वेळ वाचा. तो हवेच्या उष्णतेवर आणि पाईपच्या जाडीवर अवलंबून असतो. शक्य असेल तर रात्रभर राहू द्या. घट्ट लागणं आणि दाब सोसणं यांत बऱ्याच तासांचं अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी आट्यांकडे वळू. पंपाच्या तोंडाशी बहुधा आट्यांचा सांधा असतो, आणि मी जितके फुटलेले सांधे पाहिले आहेत त्यांत थंडीने फुटलेल्यांच्या खालोखाल संख्या आवळून फुटलेल्यांची आहे. अमेरिकेतल्या पाईपचे आटे निमुळते असतात, फुटाला पाऊण इंच या हिशेबाने. आतला तुकडा फिरत पुढे जातो तसा तो बाहेरच्या तुकड्याला पाचर बनून आतून फाकवतो. लोखंड हे सोसतं. प्लास्टिक त्या वेळी सोसल्यासारखं दाखवतं आणि काही दिवसांनी, कोणी जवळ नसताना, तडकतं. त्यातून टेफ्लॉन टेप लावला की आटे इतके गुळगुळीत फिरतात की किती आवळलं गेलं हे मनगटाला समजतच नाही.

टेफ्लॉन टेपचा जन्म न्यू जर्सीतलाच. म्हणजे टेपचा नव्हे, त्या पदार्थाचा. ६ एप्रिल १९३८ रोजी डीपवॉटर इथल्या ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांनी वायूच्या एका सिलिंडरची तोटी उघडली, तर बाहेर काहीच येईना. वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचं होतं. फेकून न देता त्यांनी तो करवतीने कापायला लावला आणि आत पांढरी, मेणचट भुकटी मिळाली. बाहेर काही येत नाही, मग आत काय आहे, एवढा प्रश्न धरून ठेवणारा माणूस. तुम्ही काल फेसाकडे बघत बसला होतात तेव्हा तुमच्याही हातात याच जातीचा प्रश्न होता.

टेप आट्यांच्या टोकाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे सांधा बसवताना तो उलगडणार नाही. तीन-चार वेढे, ताणून, आट्यांच्या खाचा खालून दिसतील इतपत. मग पाना बाजूला ठेवा. हाताने जितका जातो तितका जाऊ द्या. तो जिथे थांबतो तिथे क्षणभर थांबा आणि मनगटाला विचारा. त्यापुढे पान्याने एक वळसा, फार तर थोडा जास्त. ठिबकला तर पुन्हा उघडून टेप नव्याने लावता येईल. तडकला तर पंपाचं तोंडच जाईल. आवळून आवळून सांधा पक्का होतो या समजुतीने जितकं प्लास्टिक वाया गेलं आहे, तितकं गळतीनेही गेलं नसेल, असं माझं ठाम मत आहे.

जिथे रबराचं कडं किंवा गॅस्केट आहे तिथे टेप लावूच नका. युनियनमधली ओ-रिंग, परतीच्या भोकाचं गॅस्केट, स्किमरच्या चौकटीमागची दोन गॅस्केटं: हे सांधे रबर दबून बसल्याने बंद होतात. ओ-रिंगचं अमेरिकेतलं पेटंट नील्स क्रिस्टेन्सेन यांचं. डेन्मार्कमध्ये १८६५ साली जन्मलेले आणि अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले हे गृहस्थ. १९३७ मध्ये त्यांनी अर्ज केला तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. एवढीशी गोष्ट, खाचेत सुटं ठेवलेलं रबराचं कडं, आणि तरी ती सुचायला आणि जमायला एक सबंध आयुष्य लागलं असावं असं मला ते साल वाचून वाटतं. ते कडं खाचेतून काढा, बोटांमध्ये हलकेच फिरवा. कुठे चपटं झालंय का, कुठे बारीक चिरा आहेत का, वाळूचा कण चिकटलाय का. चांगलं असेल तर पुसून, सिलिकॉनचं ग्रीस बोटाने लावून परत बसवा. व्हॅसलीन नको; पेट्रोलियमने काही रबरं फुगतात. स्किमरच्या चौकटीचे स्क्रू एका ओळीत आवळत जाऊ नका, समोरासमोरचे थोडेथोडे आवळा, म्हणजे गॅस्केट सगळीकडे सारखं दबेल.

आणि पाणी भरा. भिंतीवरून पाईप सोडून, संथपणे. पातळी स्किमरच्या मध्यापर्यंत येऊ द्या. फिल्टरच्या डोक्यावरची हवेची तोटी उघडी ठेवून पंप लावा. आधी तिच्यातून फुसफुस हवा येईल, मग तुटक पाणी, मग सलग धार. तोटी बंद करा. आता पुन्हा त्याच घडी घातलेल्या टॉवेलावर बसा. टिश्यूची पट्टी एकेका सांध्याभोवती. पंपाच्या झाकणाखाली पाणी काठोकाठ आहे का. परतीच्या भोकात बुडबुडे थांबले का. सुरुवातीला थोडे येतात, पाईपमधली उरलेली हवा असते ती. थांबू द्या. मग पंप बंद करून पुन्हा सगळे सांधे बघा, कारण ओढण्याच्या बाजूचा सांधा खरं बोलतो तो पंप थांबल्यावर.

कागद कोरडा राहिला तर उठायला हरकत नाही. पण एक काम तुमच्याकडे उधार आहे, आणि ते सप्टेंबरातलं आहे. लेबर डे होऊन गेला, मुलं शाळेला लागली, की एक दिवस याच जागी येऊन बसा. पाणी परतीच्या भोकाखाली उतरवा, पाईप सोडवून त्यांतलं पाणी काढा, जमलं तर हवा मारून वळणांतलंही. पंपाच्या आणि फिल्टरच्या तळाशी बारीक बुचं असतात, ती सगळी काढा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत उठू नका. काढलेली बुचं पंपाच्या जाळीच्या टोपलीत ठेवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात ती शोधत फिरावं लागणार नाही.